वरीलप्रमाणे

मी एकदा परक्याच्या घरात शिरून पाणी प्यायलो आहे. चोरून नाही, चुकून. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांमागे नवी वसाहत उठत होती आणि तिथे मला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. सगळी घरं एका साच्यातून काढलेली. तोच हिरवट रंग, तीच लोखंडी जाळी, दारातली तीच पायरी. एका दुपारी कारखान्यातून तापून आलो, डावीकडे चपला काढल्या, चार पावलं आत गेलो, उजवीकडे हात घातला. तिथे माठ होता आणि माठावर पालथा पेला होता. दोन पेले प्यायलो, तोंड पुसलं आणि वळून पाहतो तो एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसलेली.

ती मुळीच दचकली नाही. म्हणाली, "अजून हवंय का?"

"नको."

"तुमचं घर मागच्या ओळीत. काल तुमच्या शेजारचे येऊन आमच्या बाजेवर निजले होते. तुम्ही बरे, पाण्यावरच भागलं."

ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं लग्नात, बारशात आणि ऑफिसच्या सहलीत सांगत आलो आहे. म्हातारीचा आवाज काढतो, माठाचा पेला हवेत धरतो, लोक हसतात, मी नमस्कार करतो आणि पडदा टाकतो. माझी बायको मात्र बरोबर त्याच क्षणी चहा टाकायला उठते. तिला माहीत आहे की मी नेहमी मध्यंतरापर्यंतच सांगतो.

मध्यंतरानंतरचं आज लिहितो.

आमच्या कारखान्यात रिले बनत. रिले म्हणजे विजेवर चालणारा एक छोटा खटका. मोठमोठ्या यंत्रांच्या पॅनेलमध्ये तो बसतो आणि वेळेला मुकाट्याने आपलं काम करतो. तो खरंच करील का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा होती. रिले भट्टीत ठेवायचे, भट्टी सत्तर अंशांवर न्यायची, दिवसभर तशीच ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी तापमान आणि विजेची मोजणी लिहून ठेवायची. या लिहिण्याचे मालक होते आबा.

आबा मूळचे सटाण्याकडचे. देवळालीच्या लष्करी वर्कशॉपातून एकदा निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले होते. राहायला देवळाली कॅम्पातच, रोज दोन बस बदलून यायचे. "एकदा रिटायर झालेला माणूस हाय मी," असं म्हणायचे, "मला भ्यायचं काही कारण नाय." उंच, वाळलेला माणूस. खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक सहीचं. सहीचं पेन कुणाला उसनं मिळत नसे, साहेबांनासुद्धा.

त्यांचं रजिस्टर पाहण्यासारखं होतं. वेळ, वाचन, शेरा, सही असे चार रकाने. दर दहा मिनिटांनी ते उठायचे, मीटरसमोर उभे राहायचे, आणि लगेच लिहायचे नाहीत. आकडा थरथरत असायचा. मी घाई केली की ते अहिराणीत म्हणायचे, "बठू दे त्याले." बसू दे त्याला. आकडा बसला की लिहायचे आणि समोर सही करायची. वाचन आधीचंच असेल तर आकडा पुन्हा लिहायचा नाही, त्याच्याखाली दोन छोट्या रेघा ओढायच्या. वरीलप्रमाणे. सही मात्र प्रत्येक ओळीला वेगळी.

गिऱ्हाईक कंपनीचा इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा माल पास करायला यायचा. दुसऱ्या कारखान्यांत तो म्हणे निम्म्या चाचण्या पुन्हा करून घ्यायचा. आमच्याकडे रजिस्टर उघडायचा, आबांची सही बघायचा, पान उलटायचा. असं करत शेवटपर्यंत जायचा आणि चहा मागवायचा. आबा तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभे असायचे. एवढाच त्यांचा मान होता. त्याला पगारवाढ जोडलेली नव्हती, की खुर्ची. त्यांनी पाहिलेलं दुसऱ्याने पुन्हा पाहायचं नाही, इतकंच.

मग कारखान्यात संगणक आला. पडद्यावर हिरवी अक्षरं, शेजारी करकरणारा प्रिंटर, आणि मागून निघालेली मनगटाएवढी जाड केबल. या केबलला चारही उपकरणं जोडायची आणि त्यांची वाचनं संगणकाने आपोआप घ्यायची, असा हुकूम झाला. काम माझ्याकडे आलं, कारण मी सर्वांत नवा होतो आणि नाही म्हणायला शिकलो नव्हतो.

जोडणं सोपं होतं, बोलणं अवघड. चार उपकरणं, चार देशांची, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. जर्मन व्होल्टमीटरला हुकमाच्या शेवटी स्वल्पविराम लागायचा, नाही मिळाला तर तो ढिम्म. जपानी तापमानमापकाला स्वल्पविराम दिला की तो रुसायचा. एक उत्तर देताना आधी अधिक-वजा चिन्ह लावायचा, दुसरा शेवटी एकक चिकटवायचा. आपला देशी दोन्ही करायचा, पण दिवस बघून. मी प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्राम लिहिला आणि महिन्याभरात माझा मलाच तो वाचता येईना.

उपकरणांच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, एक तर जपानीतून इंग्रजीत गेलेली होती आणि वाटेत जखमी झाली होती. शेवटी मी आबांना शरण गेलो. त्यांनी एका दुपारी मला चौघांसमोरून फिरवलं, सासरच्या मंडळींची ओळख करून द्यावी तसं.

"हा जर्मन. बोलतो ते खरं. पण पहिलं वाचन घसा खाकरल्यासारखं असतं, ते टाकून द्यायचं. दुसरं घ्यायचं."

"हे पुस्तकात नाही, आबा."

"पुस्तक विकणाऱ्यानं लिहिलेलं शे, भाऊ. हा जपानी. विचारलं की पटकन बोलतो, पण मागचंच बोलतो. जरा थांबून विचारायचं. आणि हा आपला. दुपारी दोननंतर त्याला पंखा लावावा लागतो, नाही तर मनात येईल ते सांगतो."

"आणि चौथा?"

"चौथा सज्जन हाय. त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाय."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तरी प्रश्न राहिलाच. इतक्या तऱ्हा एका प्रोग्रामने किती लक्षात ठेवायच्या? आणि त्याच आठवड्यात मी त्या म्हातारीच्या घरात पाणी प्यायलो.

रात्रभर झोप न येता काही सुचलं, असं नाटक मी करणार नाही. म्हातारीच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना, चपला घालता घालताच सुचलं. घर परकं होतं, माणसं परकी होती, तरी न बघता माझा हात माठावर गेला, कारण माठाची जागा ठरलेली होती. मग उपकरणांचं तसंच का करू नये?

त्या वेळी प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला क्रमांक असायचा. मी प्रत्येक उपकरणाला हजार ओळींचं एक घर दिलं. जर्मनाचं एक हजारापासून, जपान्याचं दोन हजारांपासून, पुढे तीन आणि चार. आणि प्रत्येक घराचा नकाशा एकच ठेवला. शंभराच्या खोलीत उपकरणाला जागं करायचं. दोनशेच्या खोलीत काय मोजायचं ते सांगायचं. तीनशेत मोज म्हणायचं, चारशेत उत्तर घ्यायचं, पाचशेत त्याला मोकळं सोडायचं. स्वल्पविराम, खाकरणं, पंखा, रुसवे, सगळं घराच्या आत. बाहेरून येणाऱ्याला फक्त पाच दारं. जर्मनाचं उत्तर हवं असेल तर चौदाशेला जा, जपान्याचं हवं तर चोवीसशेला जा. माठ सगळीकडे चारशेला.

मी आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "म्हणजे या चौघांना तू एका वळणावर आणलंस. त्यांच्या आयांना जमलं नव्हतं." मग रोज सकाळी आल्याबरोबर विचारायचे, "कुठवर आली तुझी चाळ?" जर्मनाचं घर लिहून झालं त्या दिवशी त्यांनी घरून शेंगदाण्याचे लाडू आणले आणि मला सांगून टाकलं की ते जर्मनासाठी आहेत, मी फक्त त्याच्या वतीने खायचे.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. चारशेच्या खोलीत मी उत्तराची वाट बघत उभा राही आणि एखादं उपकरण कधी कधी उत्तरच देत नसे. मग सगळा प्रोग्राम तिथेच खिळून राही, दिवसाची चाचणी फुकट. साहेबांना तर मोठ्या साहेबांसमोर हे सगळं चालवून दाखवायचं होतं. ते म्हणाले, "काही कर, पण थांबता कामा नये."

मी आबांना विचारलं, "वाचन आलंच नाही तर काय लिहायचं?"

"आलं नाय म्हंजे? उठून बघायचं ना, काय झालं ते."

"संगणकाला उठता येत नाही, आबा."

"मग त्याला कामाला कशाला ठेवलं?"

मी हसलो. ते भट्टीकडे गेले. त्यांचं रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. पानावर जागोजागी दोन दोन रेघा, मधूनच एखादा नवा आकडा. सत्तर पूर्णांक दोन, खाली रेघा, खाली रेघा, खाली रेघा. मला वाटलं, सापडलं. चारशेच्या खोलीत मी चार ओळी घातल्या. तीन सेकंदांत उत्तर नाही आलं, तर मागचं उत्तर पुढे द्यायचं. वरीलप्रमाणे. आणि नकाशा एकच असल्याने चारही घरांत तेच घातलं. दहा मिनिटांत चाळ पूर्ण.

आबांच्या त्या रेघांसमोर प्रत्येक वेळी एक सही होती. ती माझ्या चार ओळींत कुठे बसवायची, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. सहीचा रकाना मला शोभेचा वाटत होता.

मोठे साहेब आले, बघून गेले, खूष झाले. माझ्या पाठीवर थाप पडली. दर दहा मिनिटांनी उठणारा माणूस आता लागणार नाही, असं ठरलं. आबांना दिवसा स्टोअरमध्ये माल मोजायला बसवलं आणि संध्याकाळी प्रिंटरने ओकलेल्या लांबलचक कागदाच्या शेवटी एक सही करायची, इतकं काम ठेवलं. सही त्यांचीच हवी होती, कारण इन्स्पेक्टर तीच ओळखत होता.

पहिल्या काही दिवसांत आबा स्टोअरमधून मधेच येऊन भट्टीपाशी उभे राहायचे. साहेबांना ते आवडेना. साहेब त्यांना काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "त्यांना सांग, विश्वास ठेवायला शिका." मी ते आबांना जसंच्या तसं सांगितलं. वर आणखी माझं म्हणून म्हणालो, "आबा, मी आहे ना."

त्यानंतर ते मधे यायचे थांबले. संध्याकाळी यायचे, सहीचं पेन काढायचे आणि मला विचारायचे, "देखं का?" म्हणजे, पाहिलंस का.

मी म्हणायचो, "देखं." ते सही करायचे.

मी काय पाहायचो? पडदा. पडद्यावर आकडे हलत असायचे, नाही तर हलत नसायचे. दोन्ही मला चांगलंच वाटायचं.

एका उन्हाळी दिवशी भट्टीचं दार लावताना कुणाच्या तरी हातून तापमानमापकाची तार दारात चेपली. ती तुटली आणि जपानी गप्प झाला. तासाभराने भट्टीचा फ्यूजही उडाला. भट्टी हळूहळू निवत गेली, संध्याकाळपर्यंत आतले रिले नुसते कोमट. चोवीसशेच्या दारात मात्र सकाळी साडेदहापासून सत्तर पूर्णांक दोन उभं होतं. विचारलं की तेच. पुन्हा विचारलं की तेच. चाळीस वेळा विचारलं आणि चाळीस वेळा एकच उत्तर आलं, दशांशासकट.

त्या दिवशी आबा घाईत होते. कॅम्पात त्यांच्या बायकोला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि साडेपाचची बस गाठायची होती. कागदाची चळत घडी केलेलीच होती. त्यांनी शेवटचं पान वर काढलं आणि विचारलं, "देखं का, भाऊ?"

"देखं."

सही झाली. बसही मिळाली त्यांना.

त्या खेपेतले रिले गिऱ्हाइकाकडे गेले आणि पहिल्याच कडक उन्हात एकामागून एक बंद पडायला लागले. सगळी खेप परत आली आणि तिच्याबरोबर इन्स्पेक्टर आला. साहेबांच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर तो कागद घडी उलगडून पसरला होता, एका कडेवरून खाली लोंबत होता.

इन्स्पेक्टर आवाज न चढवता म्हणाला, "आबा, हे एकदा बघा."

आबांनी चष्मा लावला. वरून खाली बोट फिरवत गेले. अर्ध्यावर बोट थांबलं. त्यांना एक शब्दही संगणकाचा येत नव्हता, पण आकडा कसा वागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. भट्टीचं तापमान दिवसभर शेवटच्या दशांशापर्यंत एकच राहत नाही. ते जिवंत असतं, थोडं इकडे, थोडं तिकडे. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आकडा बसायची वाट बघावी तसं पाहिलं.

साहेबांनी मला विचारलं, "प्रोग्राममध्ये काही चूक?"

मी म्हणालो, "प्रोग्राम बरोबर चालला, सर."

यातला शब्दही खोटा नव्हता. जसा लिहिला होता तसाच तो चालला होता. आबा आणखी थोडे थांबले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि इन्स्पेक्टरला म्हणाले, "सही माझी हाय."

"आबा, तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?"

"सही माझी हाय म्हणलं ना."

इन्स्पेक्टरने पेनाला टोपण लावलं. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

शिक्षा म्हणावी असं काही झालं नाही. साहेबांनी एक ओळीचा हुकूम काढला. आबांनी सही केलेल्या प्रत्येक कागदावर यापुढे दुसरी सही लागेल. ती कुणाची, तर माझी.

त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. ते पाच महिने आबा रोज संध्याकाळी कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. तोवर ते मला भाऊ म्हणत, क्वचित लाडात आले तर 'जर्मनाचा जावई' म्हणत. आता कागद ठेवून दोन पावलं मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, सही."

मी पहिल्या दिवशी म्हणालो, "आबा, मला साहेब नका म्हणू."

"वर सही करतो तो साहेबच असतो."

हा टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर मी पाया पडलो असतो. "देखं का" हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. इन्स्पेक्टर यायचा, पानं उलटायचा नाही, एकेक आकडा पेन्सिलीने टिचकत खाली जायचा. आबा तेव्हा खिडकीशी उभे राहत नसत. काही तरी आणायला म्हणून स्टोअरमध्ये जात आणि तो गेल्यावर परत येत.

मी चारशेची खोली दुरुस्त केली. कुणाला न सांगता, एका रविवारी येऊन. उत्तर आलं नाही तर 'उत्तर नाही' असं छापायचं आणि घंटी वाजवायची. नकाशा एकच असल्याने चारही घरं अर्ध्या तासात दुरुस्त झाली. दहा मिनिटांत चारी घरं बिघडलीही त्याच कारणाने होती. ही तारीफ माझ्या नकाशाची, पण ती मी कधी कुठे सांगितली नाही. पुढे दोन-तीन कारखान्यांनी माझी ही पद्धत उचलली, पुण्याला मी त्यावर भाषणही केलं. माठाचा किस्सा सांगितला. लोक हसले.

निरोपसमारंभात आबांना शाल आणि घड्याळ मिळालं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांदा होतोय, सवय हाय." सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना भेटायला जायचं मी तीन वर्षं ठरवत होतो. देवळाली कॅम्प काही लांब नाही. शेवटी एका दुपारी गेलो. बस थांब्यापासून बाजारातून चालत, दोन शिपायांना विचारत घर शोधलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी नाव न सांगताच ती म्हणाली, "या भाऊ. तुम्ही ते लाडूवाले ना?"

आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "बसा साहेब," म्हणाले.

भिंतीवर एक साधा तापमापक टांगला होता आणि त्याच्याखाली खिळ्याला दोरीने बांधलेलं रजिस्टर. चार रकाने. मी हातात घेतलं. दिवसातून तीन वेळा वाचन, ओळी वाकड्या, एकीत दुसरी शिरलेली, काही ठिकाणी दोन छोट्या रेघा. सहीचा रकाना पहिल्या पानापासून रिकामा.

"ही सही का नाही करत, आबा?"

उत्तर त्यांच्या बायकोने आतून दिलं. "वाचते मी. लिहितात हे. मग सही कुणी करायची, यावर आमचं दोन वर्षं भांडण चाललंय."

आबा म्हणाले, "पाहणाऱ्यानं करायची. तिला म्हणतो, कर. ती म्हणते, मला येत नाय. शिक म्हणलं तर पोळ्या करायला पळते."

मी हसलो आणि मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. चार ओळी, तीन सेकंद, त्यांच्या रेघांवरून सुचलेलं सगळं सांगितलं. 'देखं' म्हणालो तेव्हा मी भट्टीपाशी गेलोच नव्हतो, तेही सांगितलं. साहेबांच्या खोलीत जे म्हणालो ते का म्हणालो, हे सांगायला गेलो, पण ते मला सांगता येईना.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "माले माहीत शे. कागद पाह्यला तवाच कळलं."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

एवढ्या वेळात तेवढं एकदा ते मला 'तू' म्हणाले. आत पोळी उलटल्याचा आवाज येत होता.

"आता काय करतं तुमचं यंत्र?" त्यांनी विचारलं. "तो जपानी गप्प बसला तर?"

"उत्तर नाही, असं छापतं. घंटी वाजवतं."

"बरं केलं. हे आधीच करता आलं असतं ना?"

"हो. तेवढ्याच ओळींत."

त्यांनी मान हलवली. चार वाजत आले होते. आतून हाक आली, "वाचायची वेळ झाली, माझे हात कणकेचे आहेत."

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब वाचतील."

मी उठून तापमापकासमोर उभा राहिलो. पारा कुठे आहे ते लगेच दिसलं, पण मी बोललो नाही. ऊन जाळीतून थेट काचेवर पडत होतं. मी हाताची सावली धरली आणि थांबलो. पारा जरासा खाली आला आणि थांबला. पुन्हा वाकून पाहिलं. दुपारच्या वाचनाइतकंच होतं.

"बत्तीस," मी म्हणालो. "दुपारचंच."

त्यांनी चाचपडत पेन उचललं, मग तसंच माझ्यापुढे धरलं. ते सहीचं पेन होतं. मला वाटलं, आता 'देखं का' विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मी दोन रेघा ओढल्या नाहीत, पूर्ण आकडा लिहिला आणि समोरच्या रिकाम्या रकान्यात सही केली. त्या रजिस्टरातली ती एकच सही.

पेन परत दिलं. त्यांनी टोपण लावलं, खिशाला अडकवलं आणि म्हणाले, "निघा साहेब, तुमची बस चुकेल."